प्राथमिक शाळेतील मुली आणि तंत्रविद्येचे शिक्षण : डभोईच्या निमित्ताने एक आढावा

प्रश्नाची व्याप्ती

बडोद्याच्या आग्नेयेस सुमारे तीस किलोमीटरांवर असलेले डभोई हे तटबंदीचे जुने गाव हिरा भागोळेच्या शिल्पकामामुळे आणि कवी दयारामांच्या वास्तव्यामुळे सर्वांस परिचित आहे. परंतु शिक्षणाच्या अभ्यासकाने त्याच्या लौकिकात आणखी एका गोष्टीची भर घालावयास हवी. खंडेराव महाराजांच्या अमदानीत, १८६२ साली, हिंदुस्थानातील अरुंद मापाचा पहिला लोहमार्ग डभोई ते मियागाम असा सुमारे वीस मैल टाकला गेला. त्यावरील डबे प्रथम बैलांनी ओढले, आणि रूळ अधिक वजनाचे घातल्यावर १८७३ पासून त्यांवर वाफेचे इंजिन नियमित धावू लागले. पुढे येथून इतक्या दिशांना रूळ फुटले की डभोई हे त्या मापाच्या मार्गांचे एक मोठे जंक्शन झाले, आणि २०२१ च्या जानेवारीपासून याच स्थानकावरून रुंद मापाची गाडी केवडियाकडे जाऊ लागली. यंत्राचे वर्णन पुस्तकात वाचण्याआधी प्रत्यक्ष यंत्र पाहण्याची सोय ज्या गावात दीडशे वर्षे आहे, त्या गावातल्या सहा ते अकरा वर्षांच्या मुलीला यंत्राविषयी शाळेत काय शिकवले गेले, काय शिकवावे असे निरनिराळ्या काळी म्हटले गेले, आणि आज त्या वादाची स्थिती काय आहे, हे पाहण्याचा येथे उद्देश आहे.

विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या चार विषयांच्या एकत्रित शिक्षणास हल्ली ‘स्टेम’ असे आटोपशीर नाव मिळाले आहे. गुजरातेत प्राथमिक शाळा आठवीपर्यंत चालते. प्रस्तुत विवेचन मात्र पहिली ते पाचवी या इयत्तांपुरतेच मर्यादित ठेवले आहे, कारण वादाचा जो भाग सर्वांत कमी अभ्यासला गेला तो या पाच इयत्तांचाच होय.

बडोद्याच्या दप्तरातील आरंभ

सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली तालुक्यात सुरू केला आणि १९०६ च्या कायद्याने तो सर्व राज्यभर, अर्थात डभोई महालातही, लागू केला. मुलगे व मुली या दोहोंना सक्तीत घेणारा हा कायदा त्या काळच्या हिंदुस्थानात अपूर्वच म्हणावा लागेल. परंतु त्याच्या तपशिलात शिरले की मुलग्यांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा अशी वयोमर्यादा आढळते, म्हणजे मुलीच्या वाट्याला शाळेची दोन वर्षे कायद्यानेच कमी आली. यात महाराजांची अनास्था दिसते असे कोणी म्हणणार नाही. वहिवाटदारापासून विद्याधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाला बालविवाह, घरकाम आणि पडदा यांच्याशी रोजची गाठ होती, आणि तीन वर्षांची सक्ती पाळून घेणे हेही लहानसहान काम नव्हते. तथापि त्या तीन वर्षांत वाचन, लेखन व हिशेब यांखेरीज दुसरे फारसे काही बसणार नाही, आणि जे बसेल ते शिवणकामच असेल, हेही त्याबरोबर ठरून गेले.

याच राज्यात १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन उघडले. रंगकाम, विणकाम, सुतारी, यंत्रविद्या या गोष्टी देशी भाषांतून शिकवल्या जाव्यात असा गज्जरांचा आग्रह होता, आणि दादासाहेब फाळक्यांसारखा विद्यार्थी तेथे तयार झाला. कन्याशाळा व कलाभवन ही दोन्ही एकाच राजाच्या विद्याप्रेमाची फळे, परंतु एकीचा रस्ता दुसऱ्याकडे जात नव्हता. चिमणाबाई महाराणींनी १९११ साली हिंदुस्थानी स्त्रियांच्या स्थितीवरील आपल्या ग्रंथात स्त्रियांना नाना व्यवसाय खुले व्हावेत असे आग्रहाने मांडले आणि १९१४ मध्ये स्त्रियांसाठी उद्योगालय उभारले. तेथे हाताच्या कामास मान मिळाला, पण तो प्रौढ स्त्रीच्या अर्थार्जनासाठी. लहान मुलीच्या जिज्ञासेसाठी हत्यार तिच्या हाती द्यावे, ही कल्पना त्या काळाच्या दप्तरात जवळजवळ नाहीच.

महाराष्ट्रात हीच कल्पना अन्य मार्गाने आली. पुण्यातील हुजूरपागेच्या १८८४ सालच्या शाळेवरून जो वाद झाला, त्यात रानडे-भांडारकरांचा पक्ष मुलींना व्यापक अभ्यासक्रम देऊ पाहत होता, आणि ‘केसरी’चा पक्ष गृहजीवनाशी विसंगत असे शिक्षण नको म्हणत होता. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत बालोद्यान पद्धतीचा अभ्यास करून १८८९ साली शारदा सदन काढले, आणि पुढे केडगावच्या मुक्तिसदनात मुलींनी व स्त्रियांनी खिळे जुळवून, यंत्रावर छापून, बांधणी करून पुस्तके तयार केली. मराठी मुलुखात यंत्राशी मुलींचा इतका निकट व दीर्घ संबंध त्यापूर्वी क्वचितच आला असेल. कर्व्यांच्या १९१६ च्या महिला विद्यापीठाने मातृभाषा व गृहशास्त्र यांना अग्रस्थान दिले. ताराबाई मोडक यांनी भावनगरास गिजुभाई बधेकांबरोबर काम केल्यावर १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला, १९४५ पासून बोर्डीस व नंतर कोसबाडला अनुताई वाघांसह मोंटेसरीची महागडी साधने बाजूस ठेवून शंख, शिंपले, बिया, पाने यांवर मोजणे व वर्गीकरण शिकवले, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेदच ठेवला नाही. गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही प्रांतांच्या शिक्षणविचाराचे ऋण एकाच स्त्रीच्या कार्यात असे एकत्र आलेले असूनही, आजच्या ‘सर्जनशील स्टेम’च्या चर्चेत तिचे नाव सहसा निघत नाही याचे मला नवल वाटते.

एकच अभ्यासक्रम, की निराळा?

स्वातंत्र्योत्तर काळातील वाद मुख्यतः आयोगांच्या व समित्यांच्या अहवालांतून झाला. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने स्त्री-पुरुषांच्या शिक्षणात पुष्कळ अंश समान असावेत, पण ते सर्वथा एकरूप असू नये, असा मध्यम मार्ग सुचवला. १९५८ साली नेमलेल्या दुर्गाबाई देशमुख समितीने प्राथमिक स्तरावर एकच अभ्यासक्रम मान्य केला आणि भेदाची जागा वरच्या इयत्तांत ठेवली. यानंतर १९६१ मध्ये याच एका मुद्द्यासाठी जी समिती नेमली गेली, तिच्या अध्यक्ष हंसा मेहता होत्या. बडोद्याच्या दिवाणाची कन्या, आणि १९४९ साली स्थापन झालेल्या बडोद्याच्या विद्यापीठाच्या कुलगुरू, अशा या विदुषीच्या समितीने निःसंदिग्धपणे असे म्हटले की, मुलगे व मुली यांच्या आवडींत दिसणारे भेद बव्हंशी समाजाने घडवलेले असल्यामुळे ते अभ्यासक्रमाचा पाया होऊ शकत नाहीत. गृहशास्त्रासारखा विषय लहान वयात शिकवायचाच तर तो दोघांनाही शिकवावा. १९६६ च्या कोठारी आयोगाने तोच धागा पुढे नेऊन पहिली दहा वर्षे विज्ञान व गणित सर्वांस आवश्यक ठरवले आणि कार्यानुभवाची जोड दिली.

कागदावर वाद येथे मिटला. पण ज्या विद्यापीठाच्या कुलगुरूंनी अभ्यासक्रमातील भेद नाकारला, त्याच विद्यापीठात त्यांच्याच प्रयत्नाने गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा उभी राहिली, ही गोष्ट विसंगतीची म्हणून नव्हे, तर प्रश्नाच्या गुंतागुंतीची खूण म्हणून ध्यानात ठेवावी. कमला भागवत, म्हणजे पुढच्या सोहोनी, यांना १९३३ साली बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला जात होता आणि त्यांनी तो आग्रहाने मिळवला; अशी उघड मनाई आज कोठेही नाही, आणि म्हणूनच आता अडथळा शोधावयाचा तो अधिक सूक्ष्म ठिकाणी.

प्रश्नाचे आजचे रूप

मुली विज्ञानाकडे वळत नाहीत, हे विधान जसेच्या तसे खरे नाही. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीप्रमाणे विज्ञान शाखेतील सुमारे ५७.२ लक्ष विद्यार्थ्यांपैकी २९.८ लक्ष मुली आहेत, म्हणजे मुलग्यांहून अधिक. अभियांत्रिकीच्या पदवीवर्गात मात्र त्यांचे प्रमाण तीस टक्क्यांच्या खालीच राहते, आणि संशोधनाच्या प्रत्यक्ष कामात ते आणखी घटते. ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या युवकांची २०२३ ची ‘असर’ पाहणी अधिक बोलकी आहे : अकरावी व त्यापुढे शिकणाऱ्यांपैकी विज्ञान-गणिताच्या शाखांत मुलगे ३६.३ टक्के, मुली २८.१ टक्के, आणि स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के, तर मुली अवघ्या १९.८ टक्के. प्रयोगशाळेचा दरवाजा उघडला आहे, परंतु वस्तूची मालकी, ती उघडून पाहण्याची मुभा आणि बिघडली तरी बोलणी न खाण्याची हमी या गोष्टी अद्याप सारख्या वाटल्या गेलेल्या नाहीत, असा याचा अर्थ करता येतो.

ही वाटणी किती लवकर ठरते, याविषयी परदेशी मानसशास्त्रज्ञांचे काही निष्कर्ष वारंवार उद्धृत होतात. चेंबर्स यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शास्त्रज्ञाचे चित्र काढावयास सांगितलेल्या ४८०७ मुलांपैकी केवळ २८ जणींनी स्त्री रेखाटली, आणि त्या सर्व मुलीच होत्या. बियान, लेस्ली व सिंपियन यांच्या २०१७ च्या अमेरिकेतील प्रयोगांत पाच वर्षांच्या मुली अतिशय हुशार व्यक्ती आपल्यांतलीच असेल असे मुलग्यांइतकेच मानतात, पण सहा-सात वर्षांच्या मुलींत तो विश्वास ओसरलेला आढळला. बेलॉक प्रभृतींच्या २०१० च्या अभ्यासात गणिताची धास्ती असलेल्या शिक्षिकांच्या पहिली-दुसरीच्या वर्गात वर्षअखेर मुलींचीच प्रगती मंदावलेली दिसली, मुलग्यांची नव्हे. मात्र त्या अभ्यासात शिक्षिका होत्या अवघ्या सतरा. हे निष्कर्ष डभोईच्या वर्गास जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही, सहाव्या-सातव्या वर्षी काही घडते ही शंका खरी असेल, तर आपल्या बहुतेक योजना फार उशिरा सुरू होतात एवढे तरी म्हणणे भाग आहे.

संगणकाचा पक्ष आणि हस्तकौशल्याचा पक्ष

लहान वयातच संगणकाशी परिचय व्हावा असे म्हणणाऱ्यांचे आद्य आचार्य सेमूर पेपर्ट. १९८० च्या ग्रंथात त्यांनी अशी प्रतिज्ञा केली की, मूल यंत्राकडून शिकवून घेण्याऐवजी यंत्राला शिकवू लागले की त्याची विचारपद्धतीच बदलते. त्यांच्या परंपरेतूनच २००७ मध्ये ‘स्क्रॅच’ आणि २०१४ मध्ये पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी ‘स्क्रॅच ज्युनिअर’ या आज्ञावलीच्या चित्रभाषा निघाल्या. मुलींच्या संदर्भात या पक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा अ‍ॅलिसन मास्टर यांच्या २०१७ च्या प्रयोगाचा : सहा वर्षांच्या ९६ मुलांपैकी ज्यांना थोडा वेळ यंत्रमानवास आज्ञा देऊ दिल्या, त्यांतील मुलींची आवड व आत्मविश्वास मुलग्यांच्या बरोबरीस आला. ही बरोबरी किती दिवस टिकते, हे त्या प्रयोगाने मोजले नाही. पेपर्टांच्या मूळ प्रतिज्ञेसही १९८४ मध्येच पी व कर्लंड यांनी धक्का दिला होता. पेपर्टांची ‘लोगो’ ही आज्ञावलीची भाषा शिकलेल्या मुलांचे नियोजनकौशल्य इतरांपेक्षा वरचढ असल्याचे त्यांना आढळले नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, आधी हात, मग पडदा. भारतात या पक्षाची परंपरा समृद्ध आहे : १९३७ च्या वर्धा योजनेतील नई तालीम, १९७२ चा होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम, काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या वाल्व्हनळीपासून भूमितीचे आकार उभे करणारे अरविंद गुप्ता आणि पुढे पुण्यास आयुकात त्यांनी चालवलेले मुलांचे विज्ञानकेंद्र, आणि डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळ येथे काढलेला विज्ञान आश्रम, जेथे जोडकाम, वीजजोडणी, बांधकाम व शेती ही मुलगे-मुली दोघेही करतात. या बहुतेकांची मर्यादा एकच, की ते पाचवीच्या पुढे सुरू होतात; तिसरी ते पाचवीसाठी विज्ञानाची पुस्तके घडवण्याचे काम मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात जयश्री रामदास यांनी केले, ते या दृष्टीने विशेष मोलाचे.

सुईचा प्रश्न

या दोन पक्षांच्या सीमेवर एक जुना प्रश्न नव्या वेषात उभा राहिला आहे, आणि तो मला सर्वांत उद्बोधक वाटतो. वीजवाहक धाग्याने कापडावर दिवे, बटणे व लहानसा संगणकी घटक शिवून परिपथ पूर्ण करण्याचे साधन लिआ बुक्ली यांनी २००७ मध्ये बाजारात आणले. ते वापरणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण त्या जातीच्या इतर साधनांहून पुष्कळच अधिक आढळले. होमी भाभा केंद्रात सुग्रा चुनावाला, चित्रा नटराजन व त्यांचे सहकारी यांनी साधारण सहावीच्या मुलांसाठी रचनेचे जे पाठ तयार केले, त्यांत पवनचक्कीच्या प्रतिकृतीबरोबर पिशवी व बाहुल्याही जाणीवपूर्वक घेतल्या, आणि ते शहरी इंग्रजी, शहरी मराठी व ग्रामीण मराठी अशा तिन्ही प्रकारच्या वर्गांत करून पाहिले. पिशवी करताना वजन, जोड, ताण, मापे, रेखाटन या सर्वांचा विचार मुलांना करावा लागतो; चोळी बेतताना सपाट खणापासून वक्र आकार उभा करण्याची जी भूमिती लागते, ती तर पाठ्यपुस्तकातील चौरस-त्रिकोणांहून अवघडच.

समर्थक म्हणतात, मुलीच्या घरी जे कौशल्य आहे त्यालाच तंत्रविद्येचे नाव व प्रतिष्ठा द्यावी. आजीच्या हातची सुई व शिवणयंत्र हेही यंत्रच. आक्षेपक म्हणतात, ज्या शिवणकामात १९०६ च्या कन्याशाळेने मुलीला अडकवून ठेवले त्याच शिवणकामात नव्या शतकाची शाळा तिला दिवा लावून पुन्हा बसवीत आहे. मुलग्याच्या हाती यंत्रमानव आणि मुलीच्या हाती कशिदा, अशी वाटणी सोयीची म्हणून रूढ होईल. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र हंसा मेहता समितीने गृहशास्त्राविषयी सुचवलेला उपाय येथेही लागू पडतो, असे आढावा घेणाऱ्याने म्हटल्यास पक्षपात होणार नाही : पिशवी शिवायची तर वर्गातील सर्वांनी शिवावी, आणि करवत चालवायची तर तीही सर्वांनी.

स्वतंत्र गटांचा मुद्दा याला लागूनच येतो. मुलींच्याच गटात मुली मोकळेपणाने हत्यारे हाताळतात आणि मिश्र गटात मुलगा जुळवतो, मुलगी वहीत लिहिते, असे अनेक शिक्षिका सांगतात. परंतु पाल्के, हाइड व अ‍ॅलिसन यांनी २०१४ मध्ये २१ देशांतील १८४ अभ्यास एकत्र पडताळले तेव्हा, काटेकोर तुलना केलेल्या अभ्यासांत मुलींच्या स्वतंत्र शाळांचा लाभ नगण्यच ठरला. शाळा वेगळी करणे आणि तासापुरता गट वेगळा करणे या भिन्न गोष्टी असल्याने हा पुरावा वाद संपवीत नाही.

बडोद्याचा दाखला

डभोईच्या शेजारीच, वडोदरा शहरात, या विषयाचा जगभर उद्धृत होणारा एक प्रयोग झाला. २००० च्या सुमारास गुजरात सरकारने महानगरपालिकेच्या शंभर शाळांना चार-चार संगणक दिले, आणि त्यांतील बहुतेक जवळजवळ निरुपयोगी पडून राहिले. तेव्हा ‘प्रथम’ संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, दर संगणकावर दोघांना, गणिताचे खेळ देण्यास सुरुवात केली. बॅनर्जी, कोल, डुफ्लो व लिंडन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीप्रमाणे गणितातील प्रगती पहिल्या वर्षी ०.३५ व दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलनाइतकी झाली; कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात ती सुमारे ०.१० पर्यंत उतरली, आणि गणिताबाहेर तिचा प्रभाव दिसला नाही. याच संशोधनातील दुसरा प्रयोग ‘बालसखी’चा : वस्तीतल्याच, शालेय शिक्षण झालेल्या तरुणींनी मागे पडलेल्या मुलांना दररोज वेगळे बसवून शिकवले, आणि संगणकाहून पुष्कळ कमी खर्चात लक्षणीय गुण वाढले. गुजरातेतच लिंडन यांनी ज्ञानशाळा संस्थेच्या वर्गांत पाहिले, तेव्हा चांगल्या तासाच्या जागी संगणक ठेवल्यास मुले मागे पडली, आणि शाळा सुटल्यावर जोड म्हणून दिल्यास पुढे गेली.

या आकड्यांवरून दोन्ही पक्ष आपापले समर्थन काढतात. सावधगिरीने पाहिले तर हा प्रयोग तयार खेळ खेळण्याचा होता. मुलांनी स्वतः काही रचले नव्हते. सर्जनशील कामाचा असा काटेकोर पडताळा, आणि तोही पहिली ते पाचवीच्या मुलींपुरता, अद्याप आपल्याकडे झालेला नाही.

काय अनिर्णित आहे

पहिला अनिर्णित मुद्दा टिकण्याचा. आठवड्याच्या शिबिरात फुललेला चेहरा हा पुरावा नव्हे. वर्षानंतर तीच मुलगी बिघडलेली बॅटरी उघडून पाहते काय, हे कोणी नोंदवत नाही. दुसरा, मोजमापाचा : परीक्षेला गणिताचे गुण मोजता येतात, धिटाई मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही त्यास वेळापत्रकात तास मिळत नाही. तिसरा, प्राधान्याचा : दुसरीत वाचता न येणाऱ्या मुलीला आधी वाचन द्यावे की बरोबरीने साधनेही, यावर प्रामाणिक मतभेद आहे, आणि त्यात वाचनाच्या बाजूचे म्हणणे हलके मानता येणार नाही. चौथा भाषेचा : गज्जरांनी देशी भाषेचा आग्रह धरून सव्वाशे वर्षे झाली, तरी वडोदऱ्याच्या गुजराती वा मराठी शाळेतील मुलीपुढे आज्ञावलीचे साहित्य येते ते बहुधा इंग्रजी वळणाचेच. पाचवा शिक्षिकेचा, आणि तो सर्वांत जड. तिला स्वतःला कधी पाना धरू दिलेला नसेल, तर दोन दिवसांच्या प्रशिक्षणवर्गाने काय होणार, याचे उत्तर कोणत्याच पक्षापाशी नाही.

आणि शेवटी खर्चाचे सदर. २०१६ पासून निघालेल्या अटल प्रयोगशाळा सहावीपासून पुढे आहेत, २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने आज्ञावलीलेखन माध्यमिकपूर्व टप्प्यावर ठेवले आहे, केंद्राची ‘विज्ञान ज्योती’ नववीपासूनच्या मुलींसाठी आहे, आणि गुजरात सरकारची २०२४ मधील ‘नमो सरस्वती’ अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेसाठी. प्रत्येक योजना आपल्या जागी योग्यच असेल. परंतु डभोई तालुक्यातील तिसरीच्या शिक्षिकेने मुलींसाठी लहान हातोड्या, तारा व बॅटऱ्या मागायच्या ठरवल्या, तर तिला बहुधा खडू, सफाई आणि दुरुस्ती यांसाठी मिळणाऱ्या शाळेच्या एकत्रित अनुदानातूनच त्यांची तजवीज करावी लागते, आणि त्या वर्षी छप्पर गळत असेल तर हातोड्या पुढच्या वर्षावर जातात.